तर्जनीला कळेना

बाण सुटला, पण तिने तो सोडला नव्हता.

दोरी जेमतेम हनुवटीपर्यंत आली होती. नेम धरायचा बाकी होता. तेवढ्यात मनगटाजवळ खट्‌ झालं आणि तिचीच मूठ उलटी येऊन तिच्या ओठावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाण कुठे गेला हे बघण्याआधी तिने जिभेने पुढचे चारही दात चाचपून पाहिले. दात जागेवर होते. बाण मात्र नव्हता. समोरचं तिचं टार्गेट कोरं करकरीत होतं.

"हा तुमचा का?" शेजारच्या लेनवरून कुणीतरी विचारलं.

तिने पाहिलं. राखाडी ॲप्रन, कानामागे पेन्सिल, हातात दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी धनुष्य. त्याच्या टार्गेटवर निळ्या पिसांचे चार बाण होते, आणि त्या चौघांच्या मधोमध, पिवळ्या टिंबाच्या अगदी पोटात, तिचा लाल पिसांचा बाण.

"माफ करा," ती ओठ दाबून म्हणाली. "चुकून गेला."

"चुकून?" तो बाणाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "बारा वर्षं मी त्या टिंबासाठी घाम गाळतोय हो. ठरवून मारला असतात तर काय झालं असतं?"

"तुम्हाला लागला असता."

तो मोठ्याने हसला, आणि तिच्या हनुवटीवरचं रक्त दिसताच गप्प झाला. दोन पावलं पुढे येत म्हणाला, "दाखवा बघू."

तिने मुकाट्याने ओठ खाली ओढून दाखवला.

"ओठ नाही..." तो घुटमळला. "म्हणजे, ओठही दाखवा, हवं तर. पण मी रिलीज म्हणत होतो."

तिचे कान तापले. पुढे कितीतरी दिवस तो क्षण आठवला की भर कामात ती डोळे गच्च मिटून घ्यायची.

कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. दोरीला जाड धाग्याचा एक छोटा लूप बांधलेला असतो, त्यात मुठीएवढ्या यंत्राचा हुक अडकवायचा, ओढायचं, नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. हुक उघडतो नि बाण जातो. त्या यंत्राला रिलीज म्हणतात. तिचं रिलीज चामडी पट्ट्याने मनगटाला बांधायचं होतं. पट्टा घामाने काळा पडला होता. तो घाम तिचा नव्हता. तिच्या बारीक मनगटासाठी टोकाला खिळ्याने पाडलेलं ताजं भोक तेवढं तिचं.

"कुणाचं आहे?"

"बाबांचं," ती म्हणाली. आणि गेल्या आठ महिन्यांत एका दमात म्हणायचं शिकून घेतलेलं वाक्य तिने म्हणून टाकलं, "ते गेले, आठ महिने झाले."

तो 'अरेरे' म्हणाला नाही. त्याने हुक उजेडाकडे धरून एक डोळा बारीक केला. "हुकाची धार गेलीये. घासून गोल झालाय. आज ओठावर निभावलं. बदलायला हवं हे."

"मग हेच नवीन द्या."

"हे बनवायचं बंद होऊन नऊ वर्षं झाली."

"याच्यासारखं द्या."

"याच्यासारखं म्हणजे... कशासारखं?"

तिने नुसता पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

सरावाच्या त्या रेंजला लागूनच त्याचं दुकान होतं. पत्र्याच्या त्या जुन्या गोदामात तेलाचा, रबराचा आणि मेणाचा वास कोंदलेला असायचा. गल्ल्यावर त्याची आत्या बसायची. चष्म्याच्या वरून बघायची आणि बघितलेलं सगळं बोलून दाखवायची. भाच्याला तीही 'मिस्त्री'च म्हणायची, सगळे म्हणायचे म्हणून. दुकानाची एक रीत होती. रिलीज डोळ्यांनी बघून घ्यायचं नाही. एक घरी न्यायचं, आठवडाभर मारून बघायचं, रविवारी परत आणायचं, दुसरं न्यायचं. मिस्त्रीने तिच्यापुढे पाच डब्या मांडल्या. एक मनगटी पट्ट्याचं, तर्जनीने दाबायचं, दुसरं अंगठ्याच्या बटणाचं, तिसरं ओढ वाढली की आपोआप सुटणारं, चौथं बिजागरीवालं, म्हणजे ट्रिगरच नसलेलं, हात केसभर वळला की सुटणारं. आणि पाचवं पुन्हा तर्जनीचंच, पण हलक्या ट्रिगरचं. मग त्याने तिच्या दोरीला नवा लूप बांधून दिला, गाठ दाताने ओढली, आणि तिची नजर आपल्या दातांवर आहे हे पाहून तोंड मिटून घेतलं.

"काय झालं?"

"वरचा डावा सुळा," ती म्हणाली. "झिजलाय. गाठी पक्कडीने ओढत जा."

ती कवळ्या बनवायची. दाताच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ती अकरा वर्षं एका लॅबमध्ये बसून त्यांवर मेण चढवायची, दात बसवायची, घासायची. त्यामुळे पहिल्या रविवारी ती डबी परत घेऊन आली तेव्हा तिची तक्रारही कवळीच्या मापाची होती.

"पट्ट्याची कड बोचते. आतल्या बाजूने. बकलापासून दोन बोटं."

त्याने कड तासून तेल चोळून मऊ केली. दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, "अंगठ्याचं बटण अर्धा मिलिमीटर बाहेर हवं."

"अर्धा?"

"पाव चालेल."

"बाकीची गिऱ्हाइकं नुसतं 'बोचतं' म्हणतात," तो कॅलिपर शोधत म्हणाला. "तुम्ही नकाशा काढून देता."

"माझ्या धंद्यात बोचलं तर माणूस उपाशी राहतो."

"आमच्या धंद्यात मिस्त्री उपाशी राहतो. आज जेवायचं राहिलंय, तुमच्या बटणापायी."

"मग जेवा ना! मी थांबते."

"थांबता?" त्याने इतक्या झटकन विचारलं की दोघांनीही नजर कॅलिपरवर नेली.

तिसऱ्या रविवारी स्प्रिंग कुरकुरत होती. चौथ्या रविवारी बिजागरीवाल्याची खाच मधल्या बोटाला रुंद पडत होती. प्रत्येक तक्रारीवर तो आठवडाभर खपायचा. आत्या म्हणायची, "अगं, एवढ्या दिवसांत लोक घर बघून राहायलासुद्धा जातात!" त्यावर ती हसायची, तो मान खाली घालून घासत राहायचा, आणि निघताना दारापर्यंत सोडायला यायचा. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, उघडून धरावं असं काहीच नव्हतं. तरी यायचा.

आता खरं ते सांगायला हवं. त्या रिलीजपैकी एकानेही तिने एकही बाण मारला नव्हता.

घराच्या मागच्या बोळात बाबांनी लावलेलं गवताच्या पेंढ्यांचं टार्गेट होतं. संध्याकाळी ती तिथे उभी राहायची, डबी उघडायची, रिलीज हातात घेऊन अंगठ्याने चाचपायची... आणि परत ठेवून मनगटावर बाबांचा पट्टा आवळायची. दोनदा त्याचा हुक पुन्हा खट्‌कन सुटलाही. मग तिने मान मागे खेचून मारायची सवय लावून घेतली. शनिवारी, राहिलेला गृहपाठ आठवावा तशी तिला डबी आठवायची, आणि ती तक्रार शोधायला बसायची. नवं पसंत पडलं तर पट्टा कपाटात जाणार, म्हणून ती असं करत होती. किंवा नवं पसंत पडलं तर रविवार संपणार, म्हणून. एका कारणाकडे नीट बघायला जावं तर दुसरं पुढे येऊन उभं राहायचं, आणि दुसऱ्याला जाब विचारावा तर ते पहिल्याच्या पाठीमागे लपायचं. बाबांच्या आठवणीआड हे असलं काहीतरी चाललंय की काय, असं वाटून तिला स्वतःची लाज वाटायची. आणि रविवारी सकाळी ती तोच निळा शर्ट इस्त्री करायची.

पाचव्या रविवारी तिने डबी गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाली, "याचा ट्रिगर ना... जरा..."

"धनुष्य बघू," मिस्त्री म्हणाला. "लूप पाच आठवड्यांचा झाला. बदलून देतो."

त्याने भिंग लावलं. वाकला. आणि वाकलेलाच राहिला. बराच वेळ.

"किती बाण मारता रोज?"

"तीस... चाळीस."

"या पाच रिलीजनी?"

तिने डबीचं झाकण उगाच दाबून बसवलं.

"प्रत्येक हुक लूपला वेगळा चावतो," तो सरळ होत म्हणाला. आवाज शांत होता, आणि त्यात नेहमीची थट्टा नव्हती. "कुठला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो, कुठला मधोमध गुळगुळीत करतो. पाच आठवड्यांत पाच खुणा दिसायला हव्यात. इथे एकच आहे. डावीकडे, कुरतडल्यासारखी. ही खूण या दुकानातल्या एकाही रिलीजची नाही."

आत्याने हातातला पेपर खाली ठेवला.

"तुम्ही अजून तोच पट्टा वापरताय. तो गोल झालेला हुक. दात गेले असते तुमचे!"

"दात मी बनवते," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

"विनोद नको." त्याचे कानही लाल झाले होते. "डोळा गेला असता तर? डोळे बनवता? आणि ते पाव मिलिमीटर? ती स्प्रिंग? आठवडाभर भांडलो मी त्या स्प्रिंगशी! सगळं मनाने सांगितलंत?"

"मनाने नाही... हातात धरून पाहिलं होतं. हातात धरल्यावर खरंच बोचत होतं."

"मारून नाही पाहिलंत."

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. पाच आठवड्यांत या गोदामात तिने बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य होतं, आणि ऐकायला ते सर्वांत खोटं वाटलं.

त्याने पाचही डब्या ओळीत लावल्या. "हव्या त्यातून घ्या. नको असेल तर घेऊ नका. पण तो पट्टा लाइनवर दिसला तर मी बाण मारू देणार नाही." आणि तो आत निघून गेला. त्या दिवशी दारापर्यंत कुणी आलं नाही.

त्या आठवड्यात तिने एका पेशंटचा वरचा जबडा दुसऱ्याच पेशंटच्या खालच्या जबड्यावर बसवला, आणि बसत का नाही म्हणून अर्धा तास घासत राहिली. त्याच्यावर चिडावं तर तो बरोबर होता. स्वतःवर चिडावं तर नेमकं कशासाठी, तेच ठरेना. पट्टा वापरला म्हणून? खोटं बोलले म्हणून? की तो रागावल्यावर, इतकं वाईट वाटत असतानाही, आत कुठेतरी बरं वाटलं म्हणून?

रविवारी ती घरीच राहिली. आई मटार सोलत होती.

"आज जायचं नाही?"

"नाही."

"भांडलीस?"

"कुणाशी?"

"ते तू सांगशील. मी नाव विचारलं का?"

ती समोर बसली आणि शेंगा फोडायला लागली. टेबलाच्या कडेला पट्टा पडला होता. आईने तो दोन बोटांत उचलला.

"हे अजून आहे? याला तर तुझे बाबा शिव्या घालायचे."

"बाबा? याला?"

"मनगटाला घट्टे पडायचे त्यांच्या. नवं घ्यायचं म्हणून तीन वर्षं पुस्तकं चाळत बसले. याचं हे चांगलं, त्याचं ते चांगलं... निवडता कुठे येत होतं माणसाला! मला लग्नाचं विचारायलासुद्धा दोन वर्षं लावली. शेवटी मीच विचारलं."

"तू विचारलंस?"

"मग काय, म्हातारी होईपर्यंत बसून राहू?"

ती हसली. हसता हसता पट्ट्याकडे पाहिलं आणि हसू मध्येच कुठेतरी अडलं. नऊ महिने ती जे जिवापाड सांभाळत होती ते बाबांना बोचत होतं. ते त्यांना आवडत नव्हतं, नुसतं बदलायचं राहून गेलं होतं. मग तिने नेमकं काय सांभाळलं? तिला कळेना. एक थेंब टपकन भांड्यात पडला.

"रड," आई भांडं बाजूला सरकवत म्हणाली. "पण मटारात नको."

आणि आईने स्वतःचेही डोळे पदराने पुसले, फारसं न दाखवता.

बुधवारी लंच सुट्टीत ती रेंजवर गेली. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. आत्या डबा उघडून बसली होती.

"रविवार हलवलास की काय?"

"मिस्त्री आहेत?"

"आहेत ना. सोमवारपासून एकाच धनुष्याचा एकच स्क्रू पिळतायत. जा, त्या स्क्रूला तरी वाचव."

तो खरोखरच स्क्रू पिळत होता. तिला पाहून उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं हे न सुचल्यासारखा पुन्हा बसला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. येताना पाठ केलेलं होतं. "पट्टा घरी कपाटात ठेवलाय. आता पाचही तुमच्यासमोर मारून बघते. चाळीस मिनिटं आहेत."

"ठीक आहे," तो म्हणाला. नुसतं एवढंच.

त्याने जुना लूप कापला, नवा बांधला. गाठ पक्कडीने ओढली. तिने ते पाहिलं. तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

त्याने रीत सांगितली: टार्गेटपासून दोन पावलांवर उभं राहायचं, नेम धरायचा नाही, डोळे मिटून नुसतं सोडायचं. तर्जनीचं पहिलं घेतलं. तिने ट्रिगरला झटका दिला आणि खांदा उडाला. पुन्हा उडाला. तिसऱ्यांदाही.

"थांबा," तो म्हणाला. "दाबताना काय कळतं?"

"काय कळायचं?"

"बोट ट्रिगरला टेकलं, मग दाब आला, मग वाढला... असं."

"नाही कळत."

"मग कधी दाबता?"

"अंदाजाने. सगळे अंदाजानेच दाबतात ना?"

मग त्याने रिलीज काढून ठेवलं, खिशातून स्क्रूची बारीक षटकोनी किल्ली काढली. "हात द्या. डोळे मिटा. कुठल्या बोटाला लागलं ते सांगायचं."

तिने हात पुढे केला. पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा ऐकू यायला लागला.

"करंगळी," ती म्हणाली. "मधलं. अनामिका. अंगठा. पुन्हा मधलं..." मग काहीच नाही. ती वाट बघत राहिली. "थांबलात का?"

"तीनदा टोचलं."

तिने डोळे उघडले. तर्जनीच्या टोकावर तीन बारीक खळगे होते. तिने स्वतः नखाने दाबून पाहिलं. दूरवरून कुणीतरी दार वाजवावं, तसं काहीतरी लागलं.

"घासायचं मशीन थरथरतं ना? ते याच बोटाने धरता?"

"अकरा वर्षं." ती बोटाकडे बघत होती. "मला वाटायचं मी घाबरते. बाबा म्हणायचे, घाई करू नकोस, घाई करू नकोस..."

"तुम्ही घाई करत नव्हता. बोटाला कळतच नव्हतं."

"आणि मी मिलिमीटर सांगत होते तुम्हाला!" तिला हसू आलं आणि थांबेना.

"अंगठ्याने सांगत होता." तोही आता हसत होता, पहिल्या दिवशीसारखा. "बरोबर सांगत होता. मोजलं ना मी. बटण पाव मिलिमीटर आतच होतं."

त्याने बिजागरीवालं तिच्या हातात दिलं. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट खाचांत, हवी तर तर्जनी नुसती टेकलेली. ओढताना अंगठा हुक अडवणाऱ्या खुंटीवर, मग अंगठा उचलायचा. दाबायचं काहीच नाही. पाठीतून ओढत राहायचं. तिने डोळे मिटले. ओढत राहिली. मधल्या बोटाला कड सरकताना कळली, अनामिकेला वजन आलं, आणि... टप्प. बाण टार्गेटमध्ये होता. खांदा जागेवर होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिची मान सरळ होती.

"ते वाक्य म्हणू नका," ती डोळे न उघडता म्हणाली.

"कुठलं?"

"काही गोष्टी ट्रिगर न दाबताच घडतात, वगैरे."

"म्हणणारच होतो," त्याने कबूल केलं. "रविवारपासून बनवून ठेवलं होतं."

आणखी सहा बाण. सहाही ठीक. मग तिने रिलीज बाकावर ठेवलं. तिचा हात मात्र अजून पुढेच होता. मघाशी दिला होता तसाच. त्याने किल्ली उचलली.

"परत मिटा."

"का?"

"मिटा हो."

तिने मिटले. "अनामिका... तळहात..." मग ती थांबली. तर्जनीच्या मुळाशी, जिथे अजून सगळं कळत होतं तिथे, काहीतरी टेकलं होतं. ते टोकदार नव्हतं, आणि थंडही नव्हतं.

"ही किल्ली नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला कळेल."

"कळतंय. पण याचं काय करायचं ते नाही कळत." ती भरभर बोलायला लागली, डोळे मिटलेलेच. "मला सध्या कशाचंच काही कळत नाही. सकाळी वाटतं, बरी आहे मी. दुपारी कुणाच्या तरी कवळीवर रडते. इथे येते ते बाबांसाठी की... मला वेगळं नाही करता येत. अजून किती दिवस करता येणार नाही, माहीत नाही. तुला नीट उत्तर हवं असेल तर..."

'तुला' दोघांनाही ऐकू आलं. पाऊस जरा ओसरला होता.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "माझ्याकडे एवढंच नीट आहे. तुझ्याकडे आज नीट नसलं तरी चालेल."

तिने हात मागे घेतला नाही. उलट बोटं हळूहळू मिटली, एक सोडून सगळी, आणि मागोमाग तीही, बहुतेक.

"काय रे मिस्त्री," बाहेरून आत्याची हाक आली, "झालं का बाईंना एकदाचं पसंत?"

"रिलीज झालं, आत्या!" तिने डोळे मिटूनच ओरडून सांगितलं. "बाकीचं चाललंय."